भिंतीच्या इन्सुलेशनचं सामान काढताय? मापातल्या या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये सांगली-मिरजेकडे रात्री जेवणं उरकल्यावर पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून बघा. चांगली गरम लागते. दुपारभर ऊन खाल्लेली नऊ इंची वीट ती उष्णता रात्री खोलीत सोडत बसते आणि एसी तिच्याशी झुंजत राहतो. आतून पत्र्याचे चॅनेल मारून, मधे रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) भरून, वर जिप्सम बोर्ड लावला की फरक पडतो. काम तसं अवघड नाही. फॉल्स सीलिंग करणारी कुठलीही बरी टीम ते करते. घोळ होतो तो यादी काढताना. लांबी गुणिले उंची, त्यातून खिडकी वजा, त्याला दराने गुणलं की कोटेशन तयार! पण सामान चौरस फुटांत येत नाही. ते अख्ख्या बोर्डात, अख्ख्या चॅनेलमध्ये आणि अख्ख्या बंडलात येतं.

नको ती भिंत

चारही भिंतींचं माप देणारे बरेच भेटतात. दोन खोल्यांमधल्या चार इंची भिंतीवर उन्हासाठी खर्च करून काही मिळत नाही. पलीकडच्या टीव्हीचा आवाज अडवायचा असेल तर गोष्ट वेगळी. वरचा मजला असेल आणि स्लॅबवर काहीच केलेलं नसेल, तर आधी स्लॅबचं बघा, भिंत नंतर. एसी नसेल आणि रात्री खिडक्या उघड्या टाकून झोपत असाल, तर आतल्या इन्सुलेशनचा फायदा बेताचाच. साताऱ्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या दगड-मातीच्या जाड भिंतींना तर उगाच हात लावू नका.

ओल झाकणं

आपल्याकडे गंमत अशी की ज्या बाजूने दुपारचं ऊन येतं, पावसाची झोडही बहुतेक त्याच बाजूने येते. म्हणजे इन्सुलेशनची सगळ्यात जास्त गरज असलेली भिंतच ओल धरण्यातही पुढे. बाहेरचा गिलावा तडकलेला असेल तर आतला खर्च पाण्यात गेला म्हणून समजा. रॉकवूल भिजलं की त्याचा उपयोग संपतो, आणि जिप्सम बोर्ड खालून फुगत वर येतो.

तपासणी फुकटात होते. दोन फूट बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. कागदाच्या भिंतीकडच्या अंगाला दव दिसलं तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या अंगाला दिसलं तर ती खोलीतल्या हवेतली. भिंतीला पांढरा खार फुटलेला असेल तर मात्र या परीक्षेचीही गरज नाही, आधी ओल काढा.

२००५, २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या घरात कृष्णेचं पाणी आलं त्यांच्यासाठी माझं मत सरळ आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी नदीची पातळी बघत ज्या गल्लीत ऑगस्ट काढावा लागतो, तिथे तळमजल्यावर जिप्सम बोर्ड लावूच नये. पैसे वरच्या मजल्यासाठी ठेवा.

खिडकी वजा करणं

आता मुख्य मुद्दा. भिंत १२ फूट लांब, १० फूट उंच. मधोमध ४ बाय ४ ची खिडकी, तिचा तळ जमिनीपासून ३ फुटांवर. एकूण १२० चौरस फूट, खिडकी वजा करून १०४. बोर्ड ६ बाय ४ चा, म्हणजे २४ चौरस फूट. भागाकार आला ४.३३, म्हणून कुणी ५ बोर्ड आणतो आणि वर १६ चौरस फूट शिल्लक राहतील असं धरून चालतो.

कागदावर चौकटी आखून बघा. बोर्डाचा सांधा खिडकीच्या कोपऱ्याच्या रेषेत आला की पुढे तिथूनच भेग पडते. म्हणून सांधे डावीकडून २, ६ आणि १० फुटांवर घ्यायचे आणि खिडकीभोवतीचा बोर्ड कोपऱ्यात खाच पाडून बसवायचा. मधल्या दोन ४ फुटी पट्ट्यांना ६ फुटांचा एकेक आणि ४ फुटांचा एकेक तुकडा लागतो; मिळून ४ बोर्ड गेले. कडेच्या दोन २ फुटी पट्ट्यांसाठी पाचवा बोर्ड उभा चिरायचा, आणि वरचे ४ फूट आधीच्या कापातून उरलेल्या २ बाय ४ च्या तुकड्यांनी भरायचे. झाले ५ बोर्ड, म्हणजे पूर्ण १२० चौरस फूट. खिडकीचा भाग खाचेच्या कचऱ्यात गेला, हातात काही उरलं नाही. त्यात एक कोपरा तुटला की काम अडलं. मग एका बोर्डासाठी पुन्हा छोटा हत्ती बोलवायचा, ज्याचं भाडं बोर्डाला भारी पडतं. तेव्हा आणायचे ६.

रॉकवूलचं उलट आहे. त्यात खिडकी खुशाल वजा करा, कारण तुकडे जोडून भरता येतात. फक्त ते एकमेकांना चिकटून बसले पाहिजेत. १०४ चौरस फूट म्हणजे ९.६६ चौरस मीटर. १००० बाय ६०० मिलिमीटरच्या स्लॅब (रॉकवूलच्या लाद्या) असतील तर १७ लागतील, मग दुकानदाराच्या बंडलात किती येतात ते विचारून वरचा आकडा धरा.

चॅनेलचं पुन्हा बोर्डासारखंच. वर-खाली मिळून २४ फूट, दर २ फुटांवर उभे, खिडकीच्या वर-खाली आडवे, असे साधारण ९८ फूट होतात. १२ फुटी नगांनी भागलं तर ९ येतात. प्रत्यक्षात १० लागतात, कारण १० फुटांचा उभा चॅनेल कापला की २ फुटांचा तुकडा उरतो आणि त्यातून दुसरा उभा निघत नाही. ते तुकडे फेकू नका, बोर्डाच्या आडव्या सांध्यामागे लागतात.

फूट आणि मिलिमीटर

बोर्ड फुटांत, रॉकवूल मिलिमीटरमध्ये. २ फूट म्हणजे ६१० मिलिमीटर, स्लॅब ६०० ची. दर चॅनेलजवळ एक सेंटीमीटरची फट राहते आणि उष्णता तिथूनच येते. स्लॅबचं खरं माप हातात आल्याशिवाय चॅनेल ठोकू देऊ नका. दर विचारतानाही हेच: रॉकवूलचा भाव चौरस मीटरचा, मजुरी चौरस फुटाची, आणि एखादा जुना माणूस ब्रासमध्ये (१०० चौरस फुटांच्या हिशोबात) बोलतो. सगळं एकाच मापात आणून मगच तुलना करा. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट.

यादीत न येणाऱ्या वस्तू

भिंत सुमारे पावणेतीन इंच पुढे येते. गिलावा ओळंब्यात नसेल तर आणखी. म्हणजे स्विचबोर्डचे डबे पुढे घ्यावे लागतात, खिडकीच्या आतल्या बाजूंना पट्ट्या लागतात, कपाटाचं दार अडतं. एसीचा आतला युनिट किंवा टीव्ही त्याच भिंतीवर येणार असेल तर बोर्डाआधी मागे प्लाय मारून घ्या, नुसता जिप्सम बोर्ड ते वजन पेलत नाही. जॉइंट टेप, कंपाउंड, स्क्रू, हातमोजे, मास्क हेही लिहा. रॉकवूल अंगाला खाजतं, हे काम करणाऱ्या पोरांना विचारा.

चॅनेलऐवजी थर्माकोल किंवा एक्सपीएस (कडक फोमची) शीट थेट भिंतीला चिकटवणार असाल, तर सुतारकामातला थिनरवाला गोंद वापरू नका, शीट विरघळते. पॅकिंगचा थर्माकोल तर आणूच नका, आणि कुठलाही थर्माकोल उघडा ठेवू नका. आग पटकन धरतो.

आणि बोर्ड घरात आल्यावर भिंतीला तिरके टेकवून ठेवू नका, वाकतात. लाकडी पट्ट्यांवर आडवे रचा. बसवतानाही फरशीपासून अर्धा इंच वर उचलून बसवा, ती फट स्कर्टिंगने झाकते आणि पोछ्याचं पाणी बोर्डापर्यंत पोचत नाही.