व्यापारावरील वादात अधिकार नेमका कोणाचा, हे कसे ओळखावे

शेजारी देशांत व्यापारावरून वाद पेटला की राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, गव्हर्नर आणि प्रांतांचे प्रमुख सगळेच सारख्याच ठामपणे बोलू लागतात, आणि त्यांपैकी प्रत्यक्षात काही करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे वाचकाला कळेनासे होते. अमेरिका आणि कॅनडा ही दोन्ही संघराज्ये असल्यामुळे ही पारख त्यांच्यातील वादांवरून चांगली शिकता येते.

सर्वप्रथम बातमीतील क्रियापद शोधावे. कर बसवणे, खरेदी थांबवणे, परवाना देणे आणि करार करणे या वेगवेगळ्या कृती आहेत. कृती सीमेवर घडणारी असेल तर ती केंद्र सरकारचीच समजावी. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील ८ वे कलम परदेशांशी होणाऱ्या व्यापाराचे नियमन काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, सोपवते, तर १० वे कलम तपासणीच्या आवश्यक खर्चाखेरीज कोणताही आयात-निर्यात कर काँग्रेसच्या संमतीवाचून राज्यांना लावू देत नाही. कॅनडात १८६७ च्या घटना कायद्याचे ९१ वे कलम व्यापाराचे नियमन केंद्राला देते.

त्यानंतर प्रांत किंवा राज्य तेथे मालक अथवा ग्राहक म्हणून वागत आहे का, हे तपासावे. सगळ्यांत जास्त वेळ याच पायरीला द्यावा असे मला वाटते, कारण स्थानिक सरकारची खरी ताकद इथे असते आणि ती कायद्याच्या पुस्तकात चटकन दिसत नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने कॅनडाच्या मालावर २५ टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा कॅनडातील ओंटारियो प्रांताच्या सरकारी मद्य मंडळाने अमेरिकी मद्य दुकानांतून काढून टाकले. प्रांताने कोणताही कर बसवला नव्हता. एका ग्राहकाने खरेदी थांबवली होती, एवढेच. मात्र प्रांतातील घाऊक पुरवठाही बहुतांशी याच मंडळाच्या हाती असल्यामुळे परिणाम आयातबंदीसारखाच झाला. काही दिवसांनी त्याच प्रांताने मिशिगन, मिनेसोटा आणि न्यूयॉर्कला जाणाऱ्या विजेवर २५ टक्के अधिभार लावला, आणि इथे जमीन बरीच निसरडी होती: वीजनिर्मितीची व्यवस्था प्रांतांच्या अखत्यारीत असली तरी वीज देशाबाहेर पाठवण्याची परवानगी केंद्राकडून येते. लागू केल्याच्या दुसऱ्याच दिवशी हा अधिभार स्थगित झाल्याने त्याचा कस न्यायालयात लागला नाही.

लाकडाचा वाद याहून बोलका आहे. कॅनडातील बहुतेक जंगले प्रांतांच्या मालकीची असून उभ्या झाडांसाठी किती मूल्य घ्यायचे हे प्रांत ठरवतात. हे मूल्य कमी असणे म्हणजे अनुदानच होय, असे म्हणत अमेरिकी उत्पादक १९८२ पासून जादा आयातशुल्काची मागणी करत आले आहेत. झाडाची किंमत प्रांताच्या राजधानीत ठरते, शुल्क वॉशिंग्टनमध्ये लागते आणि वाटाघाटी ओटावातील कॅनडाच्या केंद्र सरकारला कराव्या लागतात. २००६ मध्ये झालेला करार २०१५ मध्ये संपला. अशी बातमी वाचताना केवळ दोन राजधान्यांकडे पाहिले तर अर्धा वाद नजरेआड राहतो.

करार झाल्याची बातमी असेल तर तो अमलात कोण आणणार, हे पाहावे. त्या काळी कॅनडासाठी अंतिम अपील न्यायालय असलेल्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९३७ मध्ये असा निर्णय दिला की कॅनडाचे केंद्र सरकार करारावर सही करू शकते, परंतु विषय प्रांतांचा असेल तर त्यासाठीचा कायदा प्रांतांनीच करावा लागतो. परदेशाला मात्र हे कारण पुरेसे वाटत नाही. गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या २४ व्या अनुच्छेदात स्थानिक सरकारांकडून पालन व्हावे म्हणून केंद्राने शक्य ते वाजवी उपाय योजावेत असे म्हटले आहे, आणि १९९२ मध्ये दोन्ही शेजाऱ्यांना त्याची झळ बसली: प्रांतांच्या मद्य मंडळांबाबत कॅनडा, तर राज्यांच्या मद्य कायद्यांबाबत अमेरिका गॅटच्या तज्ज्ञ मंडळांपुढे उत्तरदायी ठरली.

राज्याने शेजारी देशाशी थेट करार केला असेल तर केंद्राची संमती शोधावी. कॅनडातील विंडसर आणि अमेरिकेतील डेट्रॉइट यांना जोडणाऱ्या गॉर्डी हाऊ पुलासाठी मिशिगनच्या गव्हर्नरांनी २०१२ मध्ये कॅनडाशी करार केला, आणि त्याला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची मान्यता व पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षांचा परवाना मिळाला.

शेवटी राज्याच्या कायद्याशेजारी केंद्राच्या कायद्याची तारीख ठेवून पाहावी. मॅसॅच्युसेट्सने जून १९९६ मध्ये म्यानमारशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांकडून सरकारी खरेदीवर निर्बंध घातले. राज्य येथे ग्राहक म्हणूनच वागत होते. तथापि काँग्रेसने तीन महिन्यांनी त्याच देशाविषयी स्वतःचा कायदा केला, आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या आधारे राज्याचा कायदा एकमताने रद्द ठरवला.