गाडी चालू होत नाही? बॅटरी बदलण्याआधी हे तपासा

गाडी बंद पडली की जमलेल्यांतला प्रत्येक जण 'बॅटरी गेली' म्हणतो. त्यांना बोलू द्या. तुम्ही चावी फिरवा आणि कान द्या.

इंजिन जोमात फिरतंय पण पेट घेत नाही? मग बॅटरी आणि स्टार्टरचा (इंजिन फिरवणारी मोटर) नाद सोडा. चावी ऑन केल्यावर पेट्रोल गाडीत टाकीकडून दोनेक सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी. नसेल तर इंधन पंपाचा फ्यूज आणि रिले (पंपाला वीज सोडणारा स्विच) पाहा. इमोबिलायझरचा (चावी न ओळखल्यास गाडी चालू न होऊ देणारी चोरीविरोधी यंत्रणा) दिवा लुकलुकत असेल तर दुसरी चावी लावून बघा.

काहीच आवाज नाही? क्लच पूर्ण दाबा. ऑटोमॅटिक असेल तर पार्क किंवा न्यूट्रल.

नुसतं 'टक' होऊन गप्प? मी इथेच फसलो होतो. मल्टिमीटरवर 12.6 व्होल्ट दिसले, बॅटरी ठणठणीत ठरवली आणि स्टार्टर बदलला. नवा स्टार्टरही 'टक' करून गप्प! दोष होता अर्थिंगच्या वायरीत (बॅटरीचा निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणारी), बोल्टखाली धरलेल्या गंजात. स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो. 150 अँपिअरला 0.02 ओहमचा अडथळासुद्धा 3 व्होल्ट गिळतो. म्हणून सेल्फ न मारता मोजलेलं व्होल्टेज बघून निकाल देऊ नका.

तपासताना इंजिन पेटू नये म्हणून इंधन पंपाचा फ्यूज काढा, गाडी न्यूट्रलला घेऊन हँडब्रेक ओढा. मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. खांबावर म्हणजे खांबावरच, क्लॅम्पवर (खांबाला आवळलेली वायरीची पकड) नाही. क्लॅम्पवर टेकवलीत तर खांब आणि क्लॅम्पमधला गंज मोजलाच जात नाही. दुसऱ्याला पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा 0.2 च्या आसपास असेल तर ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर चोर सापडला. तसंच पॉझिटिव्ह खांब ते स्टार्टरचा जाड बोल्ट, तिथे 0.5 पर्यंत चालतं. शेवटी बॅटरीच्या दोन खांबांवर मोजा: सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेली तर ती चार्ज करून पुन्हा तपासा. तिन्ही ठीक असेल तरच स्टार्टरवर संशय घ्या. आणि त्याला हातोडीने ठोकू नका, आतले चुंबक तडकू शकतात.

सांधे पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची, शेवटी लावायची.

फ्यूज परत बसवा. मी एकदा विसरलो आणि अर्धा तास स्वतःचीच गाडी दुरुस्त करत बसलो.