आधी नजर, मग कॅमेरा: घरी आणि प्रवासात पक्षी कसे पाहावेत, त्यांचे फोटो कसे काढावेत

खंड्याचे मी काढलेले पहिले दीडशे-दोनशे फोटो अजून जपून ठेवलेत. त्यातल्या बहुतेकांत खंड्याच नाही. फांदी आहे, पाण्यावर उठलेली वर्तुळं आहेत, एका फोटोच्या कोपऱ्यात निळ्या शेपटीचं टोक आहे. त्यानं सूर मारलेला दिसला की मी बटण दाबायचो, आणि तोवर तो पाण्यात गेलेला असायचा. शेवटी वैतागून दोन सकाळी कॅमेरा पिशवीतच ठेवला आणि नुसता बसून राहिलो. तेव्हा दिसलं की सूर मारण्याआधी तो मान वरखाली हलवतो, मासा घेऊन बहुतेकदा त्याच फांदीवर परततो, मासा फांदीवर आपटतो आणि डोक्याकडून गिळतो. म्हणजे सोपा फोटो सूर मारतानाचा नव्हताच, परतल्यानंतरचा होता, आणि त्याला चांगला पाऊण मिनिट वेळ मिळत होता. तिसऱ्या सकाळी वीसेक फोटो काढले, सहा ठेवण्याजोगे निघाले.

पुढचा क्रम त्या तीन सकाळींवरून ठरवलाय. आधी डोळे, मग दुर्बीण, मग कॅमेरा. आणि आधी घर, मग प्रवास.

१. घरातली एक जागा पक्की करा

खिडकी, गच्ची, बाल्कनी, अंगण, काहीही चालेल. जिथून थोडं आकाश आणि एखादं झाड, तार किंवा कठडा दिसतो ती जागा निवडा. रोज पंधरा मिनिटं, शक्यतो एकाच वेळी बसा. सूर्योदयानंतरचे दोन तास सगळ्यात चांगले, कारण रात्रभर उपाशी असलेले पक्षी तेव्हा खाण्याच्या मागे असतात. दुसरी संधी सूर्यास्ताच्या आधी तासभर.

जवळ एक वही ठेवा. तारीख, वेळ, हवा, कोणता पक्षी, किती, आणि तो काय करत होता. शेवटचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात, पण खरी कमाई त्यातच असते. ‘चिमण्या ४’ एवढ्या नोंदीतून काही हाती लागत नाही. ‘नर चोचीत अळी घेऊन दोनदा कठड्यावर थांबला, मग उजवीकडे गेला’ यातून पिल्लं कुठल्या बाजूला आहेत हे कळतं. चिमणी एरवी दाणे टिपणारी, पण पिल्लांना प्रामुख्यानं किडे-अळ्या भरवते, हेही अशा नोंदींतूनच डोळ्यांसमोर येतं. आणि अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर चिमणी आहे, त्यामुळे सुरुवातीला काय पाहायचं याची फार चिंता नको.

२. रंग शेवटी पाहा

नवा माणूस पक्षी दिसला की पहिल्यांदा रंग सांगतो. पण रंग फसवतो. उन्हाकडे तोंड करून पाहिलं की सगळेच पक्षी काळे, आणि सकाळच्या कोवळ्या उजेडात करडाही सोनेरी दिसतो. आधी आकार ठरवा: चिमणीएवढा, पारव्याएवढा, की कावळ्याएवढा? मग चोच पाहा, दाणे फोडणारी जाड की किडे टिपणारी बारीक. मग शेपटी, पाय आणि चाल. धोबी पक्षी शेपटी सारखी वरखाली करत जमिनीवर पळतो, सुतार पक्षी हवेत लाटा काढल्यासारखा उडतो. या सवयी इतक्या लांबून दिसतात की तिथवर रंग पोचतही नाही.

मदतीला ‘मर्लिन’ हे मोफत अ‍ॅप घ्या. कॉर्नेल पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं आहे. ते फोटोवरून आणि आवाजावरून पक्षी सुचवतं, आणि तुम्ही असाल त्या भागातल्या पक्ष्यांचा संच आधी उतरवून घेतला असेल तर नेटवर्क नसतानाही चालतं. फक्त ते ‘सुचवतं’ हे विसरू नका. अ‍ॅपनं नाव सांगितलं की लगेच यादीत न लिहिता आवाजाच्या दिशेनं जाऊन पक्षी शोधा. दिसला तर लिहा.

३. पक्ष्यांना येण्याचं कारण द्या

दाण्यांपेक्षा पाण्यावर माझा जास्त भरवसा आहे. दाण्यांवर दाणे खाणारेच येतात, पाण्यावर सगळे. उथळ, खरबरीत तळाचं पसरट भांडं घ्या, पाणी अडीच ते पाच सेंटिमीटरच ठेवा. खोल भांड्यात लहान पक्षी उतरत नाहीत. आडोशाला एखादं झुडूप दोन-तीन मीटरवर असावं, म्हणजे पक्ष्याला पळायला जागा राहते आणि मांजराला दबा धरायला मिळत नाही. पाणी रोज बदला आणि भांडं घासा. उष्ण हवेत डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडाभर पुरतो. दाणे ठेवतच असाल तर तेही भांडं स्वच्छ हवं, कारण एकाच जागी गर्दी झाली की आजार पसरतात. फुगलेला, सुस्त बसलेला पक्षी दिसला तर काही दिवस दाणे बंद करा.

काचेचं मात्र नीट पाहा. काचेत झाड आणि आकाश दिसतं, पक्षी त्यात शिरायला जातो आणि आपटतो. ससाण्याचं एकच चित्र चिकटवून भागत नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूला साधारण पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके किंवा रेघा लागतात. पाण्याचं भांडं काचेपासून एक मीटरच्या आत तरी ठेवा किंवा चांगलं दहा मीटर लांब. जवळून उडालेल्या पक्ष्याला वेगच आलेला नसतो.

भांड्याशेजारी एक वाळकी फांदी उभी करून ठेवा. पक्षी थेट पाण्यात उतरत नाही, आधी जवळ बसून चारी बाजूंना पाहतो. ती फांदी तुमची असली की मागचं दृश्य कोणतं असावं हेही तुम्हीच ठरवता.

४. दुर्बीण

दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास मिळतो, इथे सव्वापाच मिलिमीटर. पहाटेच्या अंधुक उजेडात तो कामाला येतो. दहापटीचा मोह सगळ्यांना होतो, पण दहापटीत हाताची थरथरही दहापट दिसते आणि दृश्याचा पट्टा अरुंद होतो. पहिली दुर्बीण आठपटीची घ्या.

ती एकदा डोळ्यांना जुळवून घ्यावी लागते. उजवं भिंग झाकून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला दृश्य स्पष्ट करा. मग डावं झाकून, मधलं चाक न हलवता, उजव्या नेत्रभिंगाजवळची कडी फिरवा. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप आत दाबा. पक्षी शोधताना मान खाली घालून दुर्बीण उचलायची नाही. नजर पक्ष्यावरच ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. रोज खिडकीतून तारेवरच्या कावळ्यावर सराव करा, आठवड्यात हात बसतो. सूर्याकडे दुर्बीण चुकूनही नको.

५. आता कॅमेरा

फोननं सुरुवात होते का? होते, पण लांबच्या पक्ष्यासाठी फोनचा झूम ताणू नका. झाडासह, तळ्यासह, आकाशासह पक्षी घ्या. पक्षी फ्रेमच्या दहाव्या हिश्श्यात असूनही फोटो देखणा होतो. फोन दुर्बिणीच्या नेत्रभिंगाला टेकवूनही ओळखीपुरता फोटो मिळतो.

कॅमेरा असेल तर चारशे मिलिमीटरच्या आसपासची लेन्स पुरेशी. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तीच लेन्स सहाशेसारखी दिसते. पहिल्या दिवसापासून एवढं बसवून टाका: बसलेल्या पक्ष्याला शटर (ते किती वेळ उघडं राहतं) १/५०० सेकंद, चुळबुळ्या लहानग्याला १/१०००, उडत्याला १/२००० किंवा त्याहून जलद. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं भोक) पूर्ण उघडं, आयएसओ (प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) ऑटोवर, फोकस सतत चालणारा, आणि त्याचा बिंदू पक्ष्याच्या डोळ्यावर. कॅमेऱ्यात प्राण्यांचा डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती चालू करा. आयएसओ वाढून फोटोत बारीक ठिपके आले तर नंतर थोडंफार निस्तरता येतं, हललेल्या फोटोवर मात्र उपाय नाही.

उजेडाबाबत कॅमेरा सरासरी काढतो आणि तिथेच चुकतो. गडद पाण्यावरचा पांढरा बगळा तो करपवून टाकतो, तिथे एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) कमी करा. उजळ आकाशावरचा पक्षी काळा पडतो, तिथे स्टॉपभर वाढवा.

पण या आकड्यांपेक्षा मोठा फरक दोन गोष्टींनी पडतो. तुमची सावली पक्ष्याच्या दिशेनं पडते का ते बघा, म्हणजे ऊन पाठीशी आणि त्याच्या डोळ्यात चमक. आणि खाली बसा. उभ्यानं काढलेला जमिनीवरच्या धोब्याचा फोटो पुराव्यासारखा दिसतो. पोटावर झोपून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढलेल्या फोटोत मागची जमीन विरघळते आणि पक्षी उठून येतो. कपडे मळतात, त्याला इलाज नाही.

खिडकीच्या काचेतून काढत असाल तर काच पुसा, खोलीतले दिवे बंद करा आणि लेन्स काचेला जवळजवळ टेकवून सरळ धरा. तिरपी धरली की पक्षी अस्पष्ट दिसतो.

६. प्रवासात

प्रवासात वेळ थोडा असतो, म्हणून घरून तयारी करून निघा. ‘ईबर्ड’वर (पक्ष्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ, हेही कॉर्नेलचं, २००२पासून सुरू) जिथे जायचं तिथल्या नोंदी महिन्यानुसार पाहता येतात. तिथे नेहमी दिसणारे वीस पक्षी शोधा आणि तेवढेच शिका. दुर्मीळांची यादी पाठ करून जाणारा माणूस पहिल्या सकाळी साध्या पक्ष्यातच अडकतो.

कोणत्या महिन्यात जाता यावर सगळं अवलंबून. शेपटीवर पट्टे असलेल्या गॉडविट जातीच्या, जेमतेम पाच महिन्यांच्या एका पक्ष्यानं २०२२ साली अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर न थांबता कापले, अकरा दिवसांत. असे पाहुणे ठरावीक आठवडेच असतात. समुद्रकिनारी जाणार असाल तर भरतीचं वेळापत्रक आधी बघा. ओहोटीला चिखलात खाणं शोधणारे पक्षी दूर पसरलेले, नुसते ठिपके. भरतीच्या दीड-दोन तास आधी जाऊन एका जागी बसा, चढतं पाणीच त्यांना तुमच्याकडे आणतं.

चार ठिकाणं धावत पाहण्यापेक्षा एकाच ठिकाणी दोन सकाळी द्या. पहिल्या सकाळी बघा, दुसऱ्या सकाळी फोटो काढा. गाडी असेल तर तोच उत्तम आडोसा. माणूस उतरला की पक्षी उडतात, गाडीला फारसे बिचकत नाहीत. इंजिन बंद करा, नाहीतर फोटोत थरथर येते, आणि खिडकीवर धान्य भरलेली कापडी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेका. रिकामी पिशवी नेऊन तिथे भरली की ओझंही वाचतं.

सामानाचं थोडक्यात: विमानात जादा बॅटऱ्या हातातल्या पिशवीतच, टोकं झाकून. कॅमेऱ्याचं घड्याळ तिथल्या वेळेवर लावा. थंड केलेल्या खोलीतून दमट हवेत निघताना कॅमेरा बंद पिशवीतच बाहेर न्या आणि पिशवीला बाहेरच्या तापमानावर येऊ द्या. मी एकदा घाईनं थेट बाहेर काढला. लेन्सवर धुकं साचलं, पुसलं तरी पुन्हा साचलं, आणि समोर दहा मीटरवर घुबड वीस मिनिटं निवांत बसून होतं. ते माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होतं ती अजून विसरलो नाही.

दुपारी पक्षी गप्प होतात आणि तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते. तेव्हा लांबचे फोटो सोडा आणि पाण्याकाठचे चतुर बघा. चतुर उडाला तरी वाट पाहा, बऱ्याचदा तो त्याच काडीवर परत येतो. त्या काडीवर आधीच फोकस लावून ठेवा. फुलपाखरांसाठी मात्र पहाट बरी, ऊन लागून अंग तापेपर्यंत ती हलत नाहीत.

७. किती जवळ जायचं

हे पक्षीच सांगतो. खाणं थांबवून मान ताठ केली, सारखं ओरडू लागला, अंग चोरून उडायच्या बेतात आला, तर तुम्ही आधीच जास्त पुढे आलाय. दोन पावलं मागे या आणि बसून घ्या. सरळ चालत जाण्यापेक्षा तिरकं, थांबत-थांबत गेलेलं त्यांना चालतं.

घरट्याचे फोटो काढू नका. आपण तिथे असेपर्यंत आई-बाप परतत नाहीत, आणि आपल्या वावरानं शिकाऱ्यालाही जागा कळते. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं टाळा. त्या आवाजानं हद्दीत प्रतिस्पर्धी शिरलाय असं पक्ष्याला वाटतं आणि त्याचा वेळ त्या नसलेल्या प्रतिस्पर्ध्यामागे जातो. निशाचरांवर फ्लॅश नको. दुर्मीळ पक्ष्याचा फोटो कुणाला पाठवण्याआधी त्यातली ठिकाणाची नोंद काढून टाका.

८. परतल्यावर

त्याच दिवशी फोटो दुसऱ्या जागी उतरवून ठेवा, कार्ड पुसायची घाई नको. मग निवड. माझी पद्धत निर्दय आहे: डोळा अस्पष्ट असेल तर फोटो जातो, पक्षी कितीही दुर्मीळ असो. अपवाद एकच, ओळख पटवण्यापुरता लागणारा फोटो, तो वेगळ्या फोल्डरमध्ये. वहीतल्या नोंदी संख्या, वेळ आणि चाललेल्या अंतरासह ईबर्डवर चढवा. आणि दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो, १९९८पासून चालू आहे आणि २०१३पासून जगात कुठूनही भाग घेता येतो. किमान पंधरा मिनिटं पक्षी मोजायचे असतात. खिडकीत तुम्ही रोज बसता तेवढीच.