कार्यकारी सत्तेवरचे जुने वाद कसे वाचायचे

अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये क्रांतीनंतर घटना लिहायला बसलेल्या लोकांचे वाद मी बरीच वर्षं शिकवते आहे. ‘कार्यकारी प्रमुख बलवान हवा की दुबळा?’ हा प्रश्न घेऊन वाचायला बसू नका. त्याने काहीच उलगडत नाही.

आधी बोलणाऱ्याला भीती कशाची वाटते ते शोधा. १७७६ साली अमेरिकेतल्या वसाहतींनी राजाचे गव्हर्नर नुकतेच घालवले होते. त्यामुळे पेनसिल्व्हेनियाने गव्हर्नरपदच ठेवलं नाही, १२ जणांचं मंडळ नेमलं. व्हर्जिनियाने पद ठेवलं, पण निवड दरवर्षी आणि तीही विधिमंडळाच्या हाती.

मग एकच प्रसंग घ्या आणि सावकाश वाचा. मी १ जून १७८७चा घेते. फिलाडेल्फियात अमेरिकेची नवी घटना लिहायला राज्यांचे प्रतिनिधी जमले आहेत. त्यांतला जेम्स विल्सन सुचवतो की कार्यकारी सत्ता, म्हणजे कारभार चालवण्याची सत्ता, एकाच व्यक्तीकडे असावी. सभा गप्प होते. अध्यक्ष विचारतात, प्रस्ताव मताला टाकू का? तेव्हा फ्रँकलिन म्हणतो, मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आधी सभासदांनी मतं मांडावीत. रँडॉल्फला एकाच प्रमुखात राजेशाहीचा गर्भ दिसतो. शर्मनच्या मते कार्यकारी सत्ता म्हणजे विधिमंडळाची इच्छा अमलात आणणारी यंत्रणा, बस्स. हे सभेतल्याच मॅडिसनच्या टिपणांत आहे; न्यूयॉर्कचा प्रतिनिधी येट्स याची टिपणंही शेजारी ठेवा.

वहीत वेगवेगळे रकाने पाडा: किती जण, निवडणार कोण, मुदत किती, नकाराधिकार (विधिमंडळाचा कायदा रोखण्याचा अधिकार) कसा. हे कराच, कारण ४ जूनला एकाच प्रमुखाच्या बाजूने ७ राज्यं आली, विरोधात ३. त्याच दिवशी त्या प्रमुखाला पूर्ण नकाराधिकार द्यायला मात्र दहाच्या दहा राज्यांनी नकार दिला. एका रकान्यात ही मतं मावतच नाहीत!

मतदान झालं म्हणून वही मिटू नका, पुढची काही वर्षंही वाचा. फ्रान्समध्ये सप्टेंबर १७८९ मध्ये राजाला कायदा फक्त काही काळ रोखण्याचा अधिकार मिळाला. मवाळ तडजोड वाटते ना? १७९२ मध्ये सोळाव्या लुईने तोच वापरला आणि २० जूनला जमाव त्याच्या राजवाड्यात शिरला. मुदतीच्या रकान्यात १७९३ची फ्रान्सची लोकरक्षण समितीही लिहा; क्रांतिकाळात कारभार चालवणारं हे मंडळ. सत्ता मुरू नये म्हणून तिची मुदत एकाच महिन्याची ठेवली होती. सप्टेंबरपासून पुढच्या जुलैपर्यंत जवळजवळ तेच सदस्य दर महिन्याला पुन्हा नेमले गेले.