ब्लू टिक आणि रुसवे: या चुका टाळा

मेसेज वाचला, तरी उत्तर नाही, म्हणजे मुद्दाम टाळतोय. चॅटवरचे निम्मे रुसवे या एका समजुतीतून येतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या खुणांवरून कळते ती फोनची अवस्था. माणसाचं मन त्यावरून वाचायला जाणं हीच पहिली चूक.

एक राखाडी टिक म्हणजे मेसेज तुमच्याकडून निघाला, पण समोरच्या फोनवर पोहोचलेला नाही. फोन बंद असेल, नेट नसेल, किंवा ब्लॉकही केलं असेल. नुसत्या टिकवरून ठरवू नका, साधा फोन लावा. दोन राखाडी म्हणजे पोहोचला, निळ्या म्हणजे चॅट उघडली. घाईत उघडून बाजूला ठेवलेली चॅटही निळीच दिसते आणि नोटिफिकेशनमध्येच वाचलेला मेसेज राखाडीच राहतो. ‘ऑनलाइन’चा अर्थ अ‍ॅप उघडं आहे एवढाच.

या खुणांचा जाच होत असेल तर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत जाऊन रीड रिसिट्स बंद करा. मग इतरांच्या निळ्या टिकही तुम्हाला दिसणार नाहीत. ग्रुपमध्ये आणि व्हॉइस मेसेजला मात्र हे लागू होत नाही. जोडीदाराशी ताण असताना न सांगता बंद केलंत तर संशय वाढेल, म्हणून आधी बोला.

याहून महागात पडतं ते टाइप करून भांडणं. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी ईमेलवर केलेले प्रयोग 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. आपला उपरोध समोरच्याला नक्की कळेल, अशी लिहिणाऱ्यांना खात्री होती. वाचणाऱ्यांचे अंदाज मात्र नाणं उडवल्यासारखेच निघाले. लिहिताना आपला सूर आपल्याच कानात वाजत असतो, तो मेसेजसोबत जात नाही. दोन फेऱ्यांत मुद्दा सुटला नाही तर थांबा आणि वेळ देऊन लिहा: “आठ वाजता फोन करते, तेव्हा बोलू.” वेळ न देता गप्प बसलात तर तो अबोला वाटतो.

रागात गेलेला मेसेज डिलीट करू नका. डिलीट केल्याची ओळ मागे राहते, आणि काय लिहिलं होतं याची कल्पना माणूस मूळ मजकुरापेक्षा वाईटच करतो. 15 मिनिटांच्या आत एडिट करता येतो, पण तोवर वाचला गेला असेल तर सरळ लिहा, “हे चुकीचं लिहिलं, माफ कर.”

समोरासमोर बोलताना फोन पालथा ठेवून भागत नाही, कारण तो थरथरला की नजर जातेच. दुसऱ्या खोलीत ठेवा आणि डू नॉट डिस्टर्बमध्ये फक्त घरच्यांच्या कॉलना परवानगी द्या.