फोर बाय फोर घ्यायची की साधी फोर बाय टू? बुकिंग करायच्या आधी हे बघा

थार, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर यातलं काही घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच, फोर बाय फोर (इंजिनची ताकद चारही चाकांना) की फोर बाय टू (फक्त दोन चाकांना). जिम्नी आणि गुरखात हा वादच नाही, त्या फोर बाय फोरच येतात. बाकीच्यांसाठी माझं मत आधीच सांगतो, दहातल्या आठ जणांना फोर बाय फोरची गरज नसते, हौस असते. हौसेला माझी ना नाही, पण निदान कशाचे पैसे देतोय ते कळायला पाहिजे.

१. आधी आपला रस्ता बघा

लडाखचा नको, रोजचा. त्यातला सगळ्यात वाईट तुकडा कोणता आणि तो जुलैत कसा असतो ते बघायचं. ताम्हिणी, आंबोली, माळशेज कितीही पाऊस असला तरी डांबरी आहेत, तिथे दोन चाकांची ड्राइव्ह पुरते. ओल्या रस्त्यावर गाडी घसरेल म्हणून फोर बाय फोर घेणारे बरेच भेटतात, पण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात हो, फोर बाय फोरने गाडी लवकर थांबत नाही, जागेवरून निघते एवढंच.

शेतावर जायला पाणंद असेल तर मात्र गोष्ट वेगळी. काळ्या मातीत एक दमदार सर पडली की ती माती टायरच्या खाचांत अशी भरते की दोन-चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो, मग मडगार्डला घासायला लागते आणि चाक जागेवर फिरत बसतं. अशा ठिकाणी साधी गाडी रुतली की ट्रॅक्टर बोलवून टोचन लावण्याशिवाय इलाज नाही. हे दर पावसाळ्यात होत असेल तर डोळे झाकून फोर बाय फोर घ्या.

कोकणात अडचण चिखलापेक्षा चढाची. घराकडून वर येणारा छोटा उभा चढ, त्यावर शेवाळ. चढावर गाडीचा भार मागे जातो म्हणून पुढच्या चाकांवर चालणारी गाडी तिथे चाकं फिरवत राहते. थार किंवा स्कॉर्पिओ-एनची फोर बाय टू मागच्या चाकांवर चालते, ती बऱ्याचदा निघून जाते.

२. शोरूममध्ये नीट विचारा, नक्की कोणती सिस्टीम आहे

ऑल व्हील ड्राइव्ह, जशी ग्रँड विटारात मिळते, ती गरजेप्रमाणे आपोआप चारही चाकांना ताकद वाटून देते, निसरड्या रस्त्याला मस्त, पण तिला लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त जोर देणारा गिअर, नाही. थार, जिम्नीत वेगळा लिव्हर असतो: टू-एच रोजचा, फोर-एच चिखल-वाळूला, फोर-एल अगदी हळू आणि जोर लावून चढायला. फोर-एच कोरड्या डांबरावर वापरायचा नाही, वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो सगळा ताण टायर आणि गिअरवर येतो. हे सेल्समन सांगेलच असं नाही. लॉकिंग डिफरन्शियल, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारी सोय, आहे का तेही विचारा, कारण एक पुढचं आणि एक मागचं चाक हवेत गेलं की नुसती फोर बाय फोर पण अडकू शकते.

३. पैशाचा हिशोब

थारची मागच्या चाकांची डिझेल जानेवारी २०२३ मध्ये आली ती १.५ लिटर इंजिन घेऊन, आणि लांबी ४ मीटरच्या आत, म्हणून तिला छोट्या गाडीचा टॅक्स लागतो. सप्टेंबर २०२५ पासून तो जीएसटी १८ टक्के, आणि २.२ लिटरच्या फोर बाय फोरला ४० टक्के. त्यावर आपल्याकडे आरटीओचा टॅक्स गाडीच्या किमतीवर, म्हणजे गाडी महाग तसा तोही वाढतो. वजन जास्त म्हणून एव्हरेज थोडं कमी, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आणि पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल हा वेगळा खर्च.

४. फोर बाय टू घेतली तर उरलेल्या पैशातून टायर

चांगले ऑल-टेरेन (डांबर आणि माती दोन्हीला चालणारे) टायर, एक टोचनचा पट्टा आणि हवा भरायचा छोटा कंप्रेसर. हायवेचे टायर असलेली फोर बाय फोर चिखलात चारही चाकं फिरवते, बाकी काही होत नाही. वाळूत हवा थोडी कमी करायची, बाहेर आलं की परत भरायची. बीचवर गाडी मात्र नेऊच नका, भरतीत अडकलेल्या गाड्यांचे व्हिडिओ दर सुट्टीत फिरत असतात आणि त्यात फोर बाय फोर पण असतात.

५. सेकंड हँड घेत असाल तर

मातीच्या मैदानावर नेऊन फोर-एच, फोर-एल दोन्ही टाकून बघा, लिव्हर अडकतोय का, आवाज येतोय का. बरेच मालक वर्षानुवर्षे तो लिव्हर हलवतच नाहीत आणि मग जाम होतो. खाली वाकून ट्रान्सफर केसला ऑइल गळतंय का बघा, आणि गाडी किनाऱ्याकडची असेल तर चेसिसचा गंज बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.