कोलोस्टोमीनंतर घरी : आधी त्वचा, मग आहार

कोलोस्टोमी, म्हणजे मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर काढून शौच पिशवीत जमा होण्याची सोय करणारी शस्त्रक्रिया, झालेल्या रुग्णाचे पुढचे आयुष्य मूळ आजारावर बरेचसे अवलंबून असते, परंतु रोजचा दिवस कसा जाणार हे मात्र पिशवी धरून ठेवणारी चिकट चकती त्वचेला किती घट्ट चिकटते यावर ठरते. घरी आल्यावर सगळ्यांचे लक्ष आहाराकडे जाते. माझ्या मते, विशेषतः गोव्याच्या दमट हवेत, ते आधी त्वचेकडे जायला हवे.

पोटावर दिसणारे आतड्याचे तोंड, म्हणजे स्टोमा, लालसर आणि ओलसर असतो. त्याला वेदना जाणवत नाही आणि पुसताना रक्ताचा एखादा ठिपका दिसला तरी घाबरण्याचे कारण नसते. शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे त्याची सूज उतरत असते, म्हणून या काळात दर वेळी माप घेऊन चकतीचे भोक स्टोमापेक्षा २ ते ३ मिलिमीटरच मोठे कापावे. जुन्याच मापाने कापत राहिल्यास भोवतीची उघडी त्वचा शौच लागून सोलवटते, सोलवटलेल्या ओल्या त्वचेवर नवी चकती धरत नाही, आणि गळती पुन्हा सुरू होते.

चकती सकाळी, काही खाण्यापूर्वी बदलावी, कारण तेव्हा आतडे बहुधा शांत असते. त्वचा साध्या कोमट पाण्याने धुऊन टिपावी आणि पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ द्यावी. खोबरेल तेल मुळीच लावू नये. आपल्याकडे कोणत्याही खाजेवरचा तो पहिला उपाय असला तरी तेलकट त्वचेवर चकती टिकत नाही. चकती तळहातांत धरून किंचित ऊबदार करावी, लावल्यावर आतून कडेकडे दाबत जावी आणि मिनिटभर हात तसाच ठेवावा. ती साधारण तीन ते पाच दिवस राहते, पण एप्रिल-मेच्या घामात एखादा दिवस आधीच बदललेली बरी. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, आणि नव्या पिशव्यांचा साठा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.

आहाराची बंधने त्या मानाने थोडी आहेत. सुरुवातीला पेज, मऊ भात, आणि मग एकेक पदार्थ वाढवत जावे. मासळी, अंडी व कांद्याने वास वाढतो, तर आळसांदे (चवळी), कोबी, सोडा आणि बिअरने वायू. तरीही नुस्ते (मासळी) कायमचे सोडण्याची गरज नाही. काजू आणि ओले खोबरे मात्र बारीक चावून खावे.

जखम भरल्यावर नोकरी, पोहणे, प्रवास आणि पतिपत्नीसंबंध डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू करता येतात. सोवळ्याच्या शंकेने देवळात जाणे टाळणारेही असतात. पिशवी बंद आणि स्वच्छ असताना त्याला काहीच कारण नाही. मात्र स्टोमाजवळ हर्निया होऊ शकतो, त्यामुळे पाण्याची कळशी, गॅसचा सिलिंडर किंवा चवथीची माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची लाकडी चौकट) चढवण्याचे काम पहिले दोन-तीन महिने इतरांवर सोपवावे.

स्टोमा काळा किंवा जांभळा पडला, अथवा पोटदुखी आणि उलट्यांसह शौच थांबले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या इस्पितळात जावे. कोलोस्टोमी तात्पुरती आहे की कायमची, आणि तात्पुरती असल्यास ती केव्हा बंद करता येईल, हे घरी जाण्यापूर्वीच शल्यचिकित्सकांना विचारून लिहून घ्यावे.